पाळणा, पडदा आणि रंगभूमी



कुटुंबनियोजनावर डॉक्टरांनी किंवा प्राध्यापकांनी बोलावे, असा प्रघात आहे. मी कामगारांच्या सभांत आयुष्य घालवलेला माणूस. जे थोडेफार वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही हा विषय मी चालकांकडून मागून घेतला. गेटसभेत बोलणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. पगारवाढ किती मागायची एवढा आकडा सांगून भागत नाही. तो आकडा कुठून काढला, हे समोरचा माणूस विचारतोच. आपल्या नाटक-सिनेमांनी कुटुंबनियोजनाचा जो प्रचार केला, त्याचा इतिहास मला याच प्रश्नाचा इतिहास वाटतो. मुले किती, हा आकडा लोकांना सांगितला गेला. त्यामागचे शास्त्र सांगितले गेले काय?

आरंभ तर उत्तम झाला होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. या कार्यापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली डोळे मिटेपर्यंत चालवले. घरात पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या.

'समाजस्वास्थ्य'ची थोरवी मला वाटते ती अशी की, शरीरात काय घडते आणि गर्भधारणा कशाने टळते, हे ते मराठीत आडपडदा न ठेवता सांगत असे. आणि वाचक उलट प्रश्न विचारू शकत. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तो नेमका अशा प्रश्नोत्तरांवरून! प्रश्न विचारणे हाच विकृतपणा ठरवला गेला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दोनशे रुपये दंड झालाच. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. पण हा विषय विधिमंडळात नेला तो मजुरांच्या पक्षाने, हे आमच्या चळवळीतही फार थोड्यांना ठाऊक असते.

पडद्याचा या कामाशी पहिला संबंध एका बाईमुळे आला. 'प्रभात'च्या १९३७ च्या 'कुंकू'मध्ये चित्रा नावाच्या समाजसेविकेचे काम करणाऱ्या शकुंतला परांजपे या कर्व्यांच्या नात्यातल्या. चित्रपटात संततिनियमनाचा शब्दही नाही. पण म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावलेले लग्न नीरा मनाने स्वीकारत नाही, आणि स्त्रीच्या देहावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न हजारो प्रेक्षकांपुढे उभा राहतो. दुसऱ्याच वर्षापासून शकुंतलाबाई पुण्यात प्रत्यक्ष संततिनियमनाच्या कामाला लागल्या, आणि पुढे विधान परिषदेत व राज्यसभेतही त्यांनी हाच विषय लावून धरला. पडद्यावरची समाजसेविका पडद्याबाहेर खरी निघाली, असे क्वचितच घडते.

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्येच निघाली होती, गीत व नाटक विभाग १९५४ मध्ये निघाला. मुख्य चित्रपटाआधी माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. (तेवढ्या वेळात पुष्कळ प्रेक्षक चहा पिऊन येत, ही गोष्ट वेगळी.) लाल त्रिकोण, दोन सुखी मुले, नीटनेटके घर, शेजारी पोरांनी गजबजलेली झोपडी. चित्र समजायला सोपे होते. पण गरिबी पोरांमुळे येते की पोरे गरिबीमुळे होतात, हा प्रश्न त्या चित्रात बसत नव्हता. गिरणीतल्या बदली कामगाराला ना निवृत्तिवेतन, ना उद्याच्या पाळीची खात्री. म्हातारपणी मुलगा हाच त्याचा प्रॉव्हिडंट फंड.

परदेशातही निराळे नव्हते. १९६८ साली डिस्ने कंपनीने पॉप्युलेशन कौन्सिलसाठी डोनाल्ड डकला घेऊन एक लघुपट काढला आणि तो अनेक भाषांत गेला. त्यातल्या बायकोला शंका येते तेव्हा ती नवऱ्याच्या कानात कुजबुजते आणि प्रश्न नवरा विचारतो! साधने नेमकी कोणती, हे तर सांगितलेलेच नाही.

न सांगण्याची किंमत काय पडते, ते लूपने दाखवले. १९६५ साली हे साधन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले. काही स्त्रियांना त्याने रक्तस्राव होतो, पोटात दुखते, हे डॉक्टरांना माहीत होते. ते शास्त्रातच लिहिलेले होते. पण प्रचाराने सांगितले ते एवढेच, की सोपे आहे आणि स्वस्त आहे. मग रक्त जाऊ लागलेली बाई घाबरून घरी बसली आणि तिच्या शेजारणीने लूपचे नाव टाकले. लूप अंगात फिरतो, काळजापर्यंत जातो, अशा कंड्या पिकल्या. लोक अडाणी म्हणून अफवा पसरल्या, असे पुष्कळदा म्हटले गेले. मला ते पटत नाही. कारखान्यात व्यवस्थापनाने नोटीस लावली नाही की दुपारच्या सुट्टीपर्यंत चार अफवा तयार होतात. आणि कारखान्यातली माणसे अडाणी नसतात. दोन-तीन वर्षांतच लूपची चलती ओसरली.

त्यानंतर शिबिरे आली. केरळात एर्नाकुलमला १९७१ च्या जुलैमध्ये एका महिन्यात सुमारे ६३ हजार पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तिथे करमणूक होती, जत्रेचे वातावरण होते आणि हातात रोख रक्कमही होती. १९७६ मध्ये करमणूक गेली आणि सक्ती आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांवर. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षाने पुरुष या कामातून जो बाहेर पडला तो परत आलाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के होते आणि पुरुषांचे ०.३. सारा भार बाईवर गेला.

कॅमेरा बाईच्या बाजूला नेऊन ठेवला तो दीपा धनराज यांनी. त्यांच्या १९९१ च्या 'समथिंग लाइक अ वॉर' या माहितीपटात एकीकडे शिबिरातल्या घाईघाईच्या शस्त्रक्रिया दिसतात, आणि दुसरीकडे गोल करून बसलेल्या साध्यासुध्या बायका आपल्या शरीराविषयी आपल्याच शब्दांत बोलतात. नव्या साधनांचे प्रयोग ज्यांच्यावर झाले, त्यांना काय सांगितले होते, याची विचारपूस त्यात आहे. 'समाजस्वास्थ्य'मधली प्रश्नोत्तरेच जणू पडद्यावर आली. पुढे कर्वेही आले. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' काढला, आणि २०१७ मध्ये अजित दळवींचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी रंगमंचावर आणले. त्या नाटकात कर्व्यांचे खटले पुन्हा चालतात, आणि न्यायालयाच्या बाकावर आपण प्रेक्षक बसलेलो असतो.

आता आमच्या कामातली एक लहानशी बाब. कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेल्या कामगाराला नसबंदीनंतर पूर्ण पगाराइतका आजारपणाचा लाभ मिळतो: पुरुषाला सात दिवस, स्त्रीला चौदा. यावर कोणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही. पण आमच्या स्त्री-कामगारांच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न मुलांच्या संख्येचा नसतो. त्या विचारतात, "भाऊ, किती दिवस उचलायचं काम करायचं नाही, आणि तेवढ्या दिवसांचा पगार कोण देणार?"