शस्त्रक्रिया मोठी म्हणजे उपचार चांगला?

स्तनाच्या कर्करोगावर पूर्वी नेहमीची शस्त्रक्रिया म्हणजे संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकणे. अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली. अनेकींचा हात कायमचा सुजायचा, छाती खोलगट दिसायची. पण इतके काढणे गरजेचे आहे का?

पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये हे तपासायला घेतले. सुमारे १,७०० स्त्रियांपैकी कोणाला कोणता उपचार, हे सर्जन नव्हे, तर चिठ्ठी काढल्यासारखे ठरायचे. अनेक सर्जनांना हे रुचले नाही. ‘कोणता उपचार चांगला, मला ठाऊक नाही,’ असे रुग्णाला सांगणे सोपे नव्हते. २५ वर्षांनी हिशोब मांडला, तेव्हा स्नायू न काढलेल्या स्त्रियाही तितक्याच जगल्या होत्या.

म्हणूनच सर्जनने शस्त्रक्रियेइतकेच चाचणी नीट आखणेही शिकायला हवे. तुम्हाला कधी अशा चाचणीबद्दल विचारले, तर ‘माझ्यावर प्रयोग!’ म्हणून घाबरू नका. फायदे-धोके विचारा, वेळ घ्या. नकार दिलात, तरी नेहमीचे उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे.