कुलाबा जिल्ह्यातली येझदी

जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाला सरसकट चंदेरी रंग फासायची रीत आमच्या महाडात पडली ती पुरांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. सावित्री आणि गांधारी एकदम चढल्या की बाजारपेठेत पाणी शिरतं, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण जुलै २००५ आणि जुलै २०२१ चे पूर त्या हिशेबात बसणारे नव्हते. २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. २०२१ मध्ये तळीयेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यापुढे गाड्यांचं दुःख कोण करत बसणार? तरी पाणी ओसरल्यावर ज्याला कामावर जायचं त्याला दुचाकी गाळातून ओढून काढावीच लागली. मेकॅनिकांनी रस्त्याकडेला ताडपत्री अंथरून इंजिनं खोलली. चिखलात राहिलेल्या ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, बिडाचा सिलिंडर तांबडा पडतो, आणि चंदेरी स्प्रेचा एक हात मारला की दोन्ही झाकलं जातं. गरजेपोटी घाईत झालेलं ते काम, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. मात्र त्या रंगाखाली गाडीची सगळी कहाणी गाडली जाते.

माझ्यापुढे आहे ती गाडी वडिलांची. येझदी २५०, १९७६ सालची. आरसी बुकात पत्त्यापुढे जिल्हा 'कुलाबा' लिहिला आहे. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं. वडील पोलादपूर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. उमरठ, साखर, कापडे, देवळे, कुडपण ही त्यांची गावं. रस्ता असेल तिथवर गाडी, पुढे पायवाट. सीटला बांधलेल्या पिशवीत लशींचा बर्फ घातलेला थर्मास असायचा. घर महाडला, त्यामुळे रोज सावित्रीचा १९२८ चा दगडी पूल ओलांडून जाणं. तोच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. त्या बातमीनंतर वडील दोन दिवस धड जेवले नाहीत.

त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मोटारसायकलीत निवड तीन-चारच नावांची. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनत होती. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली, दणकट, पण गियर तीनच. आणि तिसरी जावा. मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीशी करार करून म्हैसूरला आयडियल जावा काढली, १९६१ मध्ये तिथे गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात करार संपल्यावर तीच गाडी येझदी नावाने येऊ लागली. इंजिन तेच राहिलं: ६५ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. किकचा दांडा डावीकडे, आणि तोच पुढे वळवला की गियरचा दांडा. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत टेबल टाकलं आणि इंजिन उघडलं. २००५ मध्ये ते पुरातून निघून दुरुस्त झालं होतं, चंदेरी रंगासकट. पुढे गाडी बंद होऊन पडली आणि २०२१ मध्ये पुन्हा बुडाली. क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे केले तेव्हा तळाशी गाळाची वाळलेली पोळी निघाली. टू-स्ट्रोक इंजिनात कार्बोरेटरमधून आलेलं पाणी थेट क्रँकपाशी पोचतं. म्हणून बुडालेल्या गाडीला कोणी हौसेने किक मारली की गाळ बेअरिंगमध्ये आणि पिस्टनच्या कडेने फिरतो आणि सिलिंडर खरवडून काढतो. ही गाडी बंद होती म्हणून वाचली.

सिलिंडर उचलला आणि पिस्टनचं डोकं कार्बन खरवडून साफ केलं. बाणाखाली आकडा दिसला: ६५.७५. मूळ माप ६५. पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाणारे पिस्टन मिळतात, म्हणजे बोअर बहुधा तीनदा मारला गेला. यात मला आमच्या घाटांचा इतिहास दिसतो. टू-स्ट्रोकला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेच. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गियरवर गाडी येऊ दिली, तर पेट्रोल कमी जातं आणि त्याबरोबर ऑइलही. चाकं मात्र इंजिन जोरात फिरवत राहतात. तापलेला पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. 'उतारावर मधूनमधून मूठ पिळत राहा' हे वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिल्यांदा सांगितलं. स्वतः ते कशावरून शिकले ते त्या आकड्यात आहे.

आता रंगाचं. जुना रंग काढायला कोणीतरी कॉस्टिक सोड्याचं पाणी सुचवतंच. केमिकल कंपनीत काम केलेल्याने तरी ते ऐकू नये. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि भाग काळा पडून झिजतो. मी थिनर, ब्रश आणि चिकाटी एवढ्यावरच भागवलं. वाळूचा फवारा मारून घेणं सोपं असतं, पण वाळूचा एक कण आत राहिला तर नव्या बेअरिंगची वाट लागते. झाकणांवरचा चंदेरी थर निघाल्यावर खाली म्हैसूरचं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम होतं. त्याला रंग नकोच. चारशे, आठशे, बाराशे नंबरचा पाण्याचा पेपर आणि शेवटी मेटल पॉलिश, बस्स. बिडाच्या सिलिंडरला मात्र रंग लागतो, नाहीतर कोकणातल्या हवेत तो पुन्हा गंजतो. फिन्समधला गंज तारेच्या ब्रशने काढायचा, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, पोर्ट कागदाने बंद करायचे आणि उष्णता सोसणारा रंग पातळ हाताने द्यायचा. जाड थर दिला तर फिन्समधून उष्णता बाहेर पडत नाही, आणि सिलिंडरला फिन्स असतात त्याचसाठी. हे काम दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आत करावं. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल असते, रंग कुठला सुकणार! पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन थोडं तापवून बंद करायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं, असं काही वेळा. रंग त्या उष्णतेनेच पक्का होतो. क्रँकचं काम घरी होत नाही, त्याला प्रेस लागतो. क्रँक मी वरंध घाटाने भोरमार्गे पुण्याला नेला. सील आणि पॅकिंग नाना पेठेत मिळाली.

डाव्या झाकणाच्या खालच्या कडेला जुन्या वेल्डिंगची ओबडधोबड गाठ आहे. आंबेनळीत लाल मातीवरून गाडी घसरली होती, तेव्हाची. वेल्डिंग पोलादपूरलाच करून घेतलेलं. मुलगा म्हणाला, घासून सपाट करून टाकू. मी नाही म्हणालो. कारखान्याने दिलेलं रूप परत आणणं ठीक आहे, पण इथल्या माणसांनी ते इंजिन चालतं ठेवण्यासाठी जे केलं ते पुसायचा अधिकार आपल्याला नाही. गाठीवर फक्त पॉलिश केलं.

महाड आणि पोलादपूरच्या किल्ल्यांचा, सत्याग्रहाचा इतिहास लिहिला गेला आहे आणि लिहिला जाईल. या तालुक्यांतल्या वाड्यांवर लस, टपाल, औषधं, दूध कोणत्या गाड्यांनी पोचलं याची नोंद मात्र कुठे नाही. तुमच्या पडवीत, गोठ्यात राजदूत, येझदी, बुलेटचं इंजिन पडलं असेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एवढं करा. इंजिन नंबर उतरवून घ्या, पिस्टनवरचा आकडा बघा, आरसी बुकाचा फोटो काढा, आणि गाडी कोणी, कुठल्या रस्त्याने, कशासाठी चालवली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.