चाबूकस्वाराची सर्कस

विष्णुपंत छत्र्यांची गोष्ट मुलांना सांगताना बहुतेक जण एका टोमण्यापासून सुरुवात करतात. १८७९ च्या सुमारास जुझेप्पे चिआरिनीची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली, असले खेळ हिंदी लोकांना जमायचे नाहीत असे तो म्हणाला, विष्णुपंत इरेला पेटले आणि २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. गोष्ट रंगते खरी, पण तिच्यात एक खोट आहे. ईर्ष्येच्या भरात पैज लावता येते. भरधाव घोड्याच्या पाठीवर उभा राहणारा स्वार मात्र चार-सहा महिन्यांत घडत नाही. ती तयारी आधीपासूनच असली पाहिजे. मग ती कुठे झाली होती, हे चरित्रकाराने आधी सांगायला हवे.

ती झाली होती संस्थानांच्या पागांमध्ये. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरला गेले. तिथे त्यांनी हद्दूखाँकडे गाणे आणि बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या घेतली, आणि पुढे ते कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पागेचे प्रमुख झाले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मराठी घोडदळाचे काम संपले, तरी संस्थानिकांच्या पदरी घोडी राहिली, आणि त्यांच्याबरोबर घोडी फेरणारे चाबूकस्वारही. लढाईसाठी कमावलेली ही विद्या आता बिनकामाची होऊन बसली होती. इंग्लंडात त्याआधी शंभरेक वर्षे असेच घडले होते. घोडदळातून परतलेल्या फिलिप अ‍ॅस्टलीने १७६८ साली लंडनमध्ये कसरती दाखवायला सुरुवात केली, आणि आधुनिक सर्कस तिथून निघाली. सर्कशीचे रिंगण गोल असते तेही घोड्यामुळेच. एका वेगाने गोल धावणाऱ्या घोड्यावर स्वाराला तोल सांभाळता येतो. चिआरिनीच्या रिंगणात विष्णुपंतांना आपलाच धंदा नव्या वेषात दिसला असणार.

यावर कोणी म्हणेल, तंबू, रिंगण, तिकीट, सगळा साचा परका. मग यात आपले ते काय? साचा परका होता, हे मान्यच करायला हवे. पण तो भरायला लागणारी माणसे परदेशातून आणावी लागली नाहीत. बाळंभटदादा देवधरांनी उत्तर पेशवाईत नावारूपाला आणलेला मल्लखांब तालमींमध्ये जिवंत होता; झुल्यावरच्या कसरतींना लागणारी पकड आणि लवचिकता त्यातून तयार मिळत होती. शिवाय हे एकट्या विष्णुपंतांचे कर्तृत्व असते, तर ते त्यांच्याबरोबर संपले असते. प्रत्यक्षात सांगली-मिरजेच्या त्याच टापूतून देवल, कार्लेकर अशा सर्कशी उभ्या राहिल्या. एका टोमण्याने इतक्या सर्कशी निघत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढे भारतीय सर्कशीचे माहेर झाले ते केरळातले तलशेरी, आणि तिथे घोडदळाची परंपरा नव्हती. मग पागेचा मुद्दा टिकतो का? तलशेरीत विष्णुपंतांची गाठ पडली कीलेरी कुंजिकण्णन या कलरी शिकवणाऱ्या गुरूशी. त्यांनी १९०१ साली जवळच्या चिरक्करा इथे सर्कशीची शाळा काढली. कलरी हीदेखील लढवय्यांचीच विद्या, आणि इंग्रजी अमलात तिचेही जुने काम सुटलेले. म्हणजे घोडा बदलला, सूत्र तेच राहिले. लढण्यासाठी घोटलेल्या शरीराला सर्कशीने पोट भरण्याचे नवे साधन दिले.

याने विष्णुपंतांचे मोठेपण उणावत नाही. घोडी फेरणारे पुष्कळ होते. राजाच्या मर्जीवर जगणारे कसब तिकीट काढणाऱ्या लोकांसमोर मांडून त्यावर स्वतःचा तांडा चालवता येईल, हे त्यांनी हेरले आणि करून दाखवले. मुलांना हीच गोष्ट सांगावी. अपमानाचा सूड घेणाऱ्या वीरापेक्षा, हातातल्या जुन्या विद्येला नवे गिऱ्हाईक शोधणारा कारागीर त्यांना जास्त शिकवून जाईल.