रावांचा नाचरा बेडूक

मंडळी, पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर मुक्काम केला असेल तर रात्रीची बेडकांची मैफल ऐकलीच असेल. अकोले तालुक्यातून सह्याद्री धरून खाली दक्षिणेकडे निघालात, की इंचभर झुडपी बेडूकही भेटतात. यांना डबकं लागत नाही. अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर, मधली शेपटीवाली अवस्था गायब!

त्यांच्या नावांचा इतिहास मात्र डोकेदुखी. 1838 मध्ये चुडीने जावातल्या एका झाडबेडकासाठी 'ऑर्केस्टिस' म्हणजे नर्तक ही प्रजाती केली. पण ते नाव एका सोंडकिड्याने आधीच अडवलेलं. (आमच्या भाषेत नेमस्पेस क्लॅश.) म्हणून 1848 मध्ये गिस्टेलने 'फिलॉटस' आणलं, आणि पुढे आपले झुडपी बेडूकही त्याच खात्यात जमा झाले. 1919 चा अ‍ॅनंडेलचा 'बॉम्बेएन्सिस' मुंबईत शोधू नका. तो कॅसल रॉकचा, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला, आज कर्नाटकात.

1937 मध्ये बंगळूरच्या सी. आर. नारायण राव यांनी बऱ्याच नव्या जाती नोंदवल्या. पण त्यांचे मूळ नमुनेच हरवले. आता जंगलात सापडलेला बेडूक ताडून बघायचा कशाशी? आणि नावच पक्कं नाही, तर तो कमी होतोय की संपलाय, हे कसं सांगणार?

2010 मध्ये एस. डी. बिजू, पुण्याचे योगेश शौचे वगैरेंनी डीएनए तपासून भारतातल्या बहुतेक झुडपी बेडकांची वेगळी प्रजाती केली. नाव 'राओर्केस्टिस', राव अधिक ऑर्केस्टिस. छापलं 'करंट सायन्स'मध्ये, ज्याचे पहिले संपादक स्वतः नारायण राव!

2013 मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून त्यात 'घाटेई' आला. घाटावरचा म्हणून नव्हे हं, पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्यावरून.