स्पर्शसंवेदन, यंत्रमानवांचे

दाब, कंप, पोत, घसरण आणि उष्णता यंत्रमानवाच्या बोटांना कळावी म्हणून सजीवांच्या त्वचेवरून घेतलेल्या तंत्रांचा समूह. कॅमेऱ्याने यंत्राला दृष्टी लवकर मिळाली. हात मात्र फार मागे राहिला.

हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आगटीतून काढलेले ज्वारीचे कणीस तळहातांत चोळताना चटका किती सोसायचा, जोर किती लावायचा, दाणा कोवळा की निबर, हे सगळे हात एका दमात ठरवतो. माणसाच्या एका तळहातात व बोटांत मिळून सुमारे १७,००० स्पर्शग्राही असतात, असा योहान्सन व वाल्बो यांचा १९७९चा अंदाज आहे. त्यांचे मुख्य प्रकार चार. मर्केल ग्राही टिकून राहिलेला दाब व बारीक कडा टिपतात, रुफिनी त्वचेचा ताण टिपतात. माइसनर ग्राहींना वस्तू निसटू लागल्याचे चटकन कळते, तर पचिनी सेकंदाला सुमारे २५० कंपांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. म्हणून नुसता दाब मोजणारा संवेदक बोटाची जागा घेऊ शकत नाही.

या विषयातील एक ठळक काम मुंबईच्या आयआयटीचे १९७४चे पदवीधर नितीश ठाकोर यांच्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाले. तेथील डॉक्टरेटचे विद्यार्थी ल्यूक ऑसबॉर्न व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रबर व कापडाच्या थरांची ‘ई-डर्मिस’ ही त्वचा कृत्रिम हाताच्या बोटांवर चढवली. तिच्यातील दाबाचे रूपांतर चेतापेशींच्या स्पंदांसारख्या विद्युत्‌ संकेतांत होई. हे संकेत हात गमावलेल्या व्यक्तीच्या उरलेल्या चेतांना त्वचेवरून दिले, तेव्हा तिला नसलेल्या बोटांत स्पर्श जाणवला. टोकदार वस्तू लागल्यावर वेदनाही जाणवली, आणि हाताने ती वस्तू आपोआप सोडून दिली. वेदना मुद्दाम निर्माण करणे विचित्र वाटेल. पण तिच्यावाचून हात स्वतःला वाचवणार कसा?

याच प्रयोगशाळेच्या २०२५च्या हातात कठीण सांगाडा, मऊ बोटे व स्पर्शसंवेदकांचे तीन थर आहेत. रोजच्या वापरातील १५ वस्तू त्याने ९९.६९ टक्के अचूकतेने ओळखल्या; पाण्याने भरलेला पातळ प्लास्टिकचा पेला न चेपता उचलला.

ब्रिस्टलच्या ‘टॅकटिप’ची (२००९) वाट वेगळी. तेथे मऊ आवरणाच्या आतील टाचण्यांची हालचाल कॅमेरा पाहतो, म्हणजे स्पर्शही शेवटी डोळ्यानेच वाचला जातो. झिजणारे पृष्ठभाग, तारांची गुंतागुंत आणि संकेतांवर लागलीच प्रक्रिया करण्याचा भार या अडचणी या क्षेत्रात अजून कायम आहेत.