दोन परदेशी कृंतक: गिनीपिग, हॅमस्टर आणि महाराष्ट्र

गिनीपिग आणि हॅमस्टर हे दोन्ही प्राणी कृंतक गणातील, म्हणजे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहणारे आणि म्हणून सतत काही ना काही कुरतडत राहणारे, असले तरी त्यांची कुळे, मूळ भूमी आणि माणसाच्या सहवासात येण्याचा काळ या तिन्ही गोष्टी पूर्णतः वेगळ्या आहेत. असे असूनही पाळीव प्राण्यांच्या बाजारात एकाच्या नावाने दुसरा मागितला जातो, एकाचा आहार दुसऱ्याला दिला जातो, आणि दोघांनाही ‘विलायती उंदीर’ समजून एकाच प्रकारच्या पिंजऱ्यात ठेवले जाते. हा गोंधळ केवळ दिसण्यातील साम्यामुळे झालेला नाही. गाय, शेळी, कोंबडी किंवा मांजर यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले ज्ञान मराठी समाजाजवळ आहे. या दोन प्राण्यांविषयी मात्र तसे काहीच नव्हते, आणि त्यांचा महाराष्ट्राशी आलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध घरांमधून नव्हे तर रोगांवरील संशोधनातून आला.

पुणे–नाशिक मार्गालगत मंचरजवळ वसलेले अवसरी खुर्द आणि त्याभोवतीचा आंबेगाव–जुन्नरचा प्रदेश घेतला, तर तेथील शेतकऱ्याला शेतातला उंदीर आणि घराच्या पायाखाली बिळे करणारी घूस चांगली परिचित असते. हॅमस्टर आणि गिनीपिग हे प्राणी मात्र या भूमीत, किंबहुना सह्याद्रीच्या कोणत्याही भागात, निसर्गतः आढळत नाहीत. तरीही दोघांच्या मूळ भूमीचा एकेक धागा या परिसरापर्यंत पोहोचतो, आणि दोघांतील फरक लक्षात ठेवण्यास तो उपयोगी पडतो. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार ज्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, तो बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतून जगभर पसरला, आणि गिनीपिगही त्याच पर्वतराजीतला आहे. तेथील लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवले, स्पॅनिश विजयानंतर सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला, आणि तेथे मात्र त्याचे मांस न खाता लोकांनी तो हौसेने पाळला.

हॅमस्टरचा धागा घोणस या सापाशी जोडलेला आहे. घोणशीचे शास्त्रीय नाव ज्याच्या नावावरून पडले, तो स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास इलाख्यात येऊन भारतीय सापांचा अभ्यास करण्यापूर्वी सीरियातील अलेप्पो शहरात राहिला होता. त्याचा वडील सावत्र भाऊ अलेक्झांडर याने अलेप्पोच्या निसर्गाविषयी १७५६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात पॅट्रिकने त्याची जी वाढीव आवृत्ती काढली, तीत सीरियातील हॅमस्टरचे वर्णन आले. या प्राण्याला स्वतंत्र जाती म्हणून शास्त्रीय नाव मिळाले ते १८३९ साली, जॉर्ज वॉटरहाऊस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाकडून. म्हणजे गिनीपिग युरोपात घरोघरी पाळला जाऊ लागून दोन शतके उलटली, तेव्हा हॅमस्टर अजून सीरियाच्या गव्हाच्या शेतांतील बिळांतच राहत होता.

महाराष्ट्राच्या इतिहासात या दोघांपैकी आधी महत्त्व आले गिनीपिगला, आणि तेही प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्रतिबंधक लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलली. आजची हाफकिन संस्था ती हीच. लस हाती आली, तरी रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हा प्रश्न वादग्रस्तच होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत केलेल्या प्रयोगावरून उंदरांच्या अंगावरील पिसवांकडे बोट दाखवले होते, परंतु बहुतेक तज्ज्ञांनी ते मानले नाही, आणि सरकारी यंत्रणा घरे धुणे, सामान जाळणे व माणसांना छावण्यांत हलवणे यांवरच भर देत राहिली. या सक्तीमुळे पुण्यात उसळलेला असंतोष आणि जून १८९७ मधील प्लेग अधिकारी रँडचा वध हे मराठी वाचकाला ठाऊक असते. मात्र रोगाचे वाहक कोण हे परळमध्ये कसे सिद्ध झाले, हा त्याच इतिहासाचा तितकाच मोलाचा भाग मराठी लेखनात फार कमी जागा मिळवतो, आणि ही उणीव खेदाची आहे.

परळच्या प्रयोगशाळेतील ग्लेन लिस्टन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. मुंबईतील राणीच्या बागेत प्लेगने मेलेल्या गिनीपिगांवर उंदरांच्या पिसवा सापडल्याची नोंद त्यांनी घेतली, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात उंदीर, पिसू आणि माणूस अशी साखळी मांडली. त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने, ज्यात लिस्टन यांचाही सहभाग होता, या साखळीची कसून तपासणी केली. प्लेगची लागण झालेल्या घरांतून आणि चाळींतल्या खोल्यांतून माणसे हलवल्यावर तेथे गिनीपिग मोकळे सोडले जात. गिनीपिग उड्या मारत नाही, भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच फिरतो, आणि प्लेगला सहज बळी पडतो. म्हणून उंदीर मेल्यावर निराश्रित झालेल्या, भुकेल्या पिसवा त्याच्या अंगावर गोळा होत, त्या मोजता येत, आणि प्राणी आजारी पडला तर खोली अजून धोक्याची आहे हे कळून येई.

आयोगाने यापुढे जाऊन परळच्या आवारात खास झोपड्या बांधल्या आणि त्यांत उंदरांच्या पिसवा असलेले रोगी गिनीपिग ठेवून निरोगी गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना लागण झाली, दोन फूट उंचीवरचे सुरक्षित राहिले. हवेतून रोग पसरत असता तर हा फरक पडला नसता. पिसू काही इंचांपेक्षा उंच उडी मारू शकत नाही, हेच त्याचे कारण होते. जमिनीवरच्या पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा अंथरला की आतील प्राणी वाचत आणि पिसवा कागदावर अडकलेल्या सापडत. हे निष्कर्ष १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’ या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध होत गेले आणि पिसवांचा सिद्धान्त जगाने स्वीकारला. मुंबईच्या भूमीवर झालेल्या वैद्यकीय संशोधनात साधेपणा आणि निर्णायकता यांचा असा मेळ क्वचितच दिसतो, आणि त्याची किंमत ज्यांनी प्राणांनी चुकवली त्या प्राण्यांचे नाव तरी अचूक घेतले जाणे योग्य ठरेल.

हॅमस्टरची कहाणी उशिरा सुरू होते आणि वेगाने पुढे जाते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल ॲडलर हे लेश्मानियासिस या रोगाचा अभ्यास करत होते. सूक्ष्म परजीवींमुळे होणाऱ्या या रोगाचाच एक प्रकार काळा आजार या नावाने बिहार आणि बंगालमध्ये कुप्रसिद्ध होता. त्यासाठी चीनमधील हॅमस्टर वापरले जात, परंतु ते पिंजऱ्यात प्रजनन करेनात, तेव्हा जवळपासच्या प्रदेशातील एखादी जाती शोधण्याचे ठरले. इझ्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने १९३० साली अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात बीळ खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्ले मिळवली. त्यांपैकी मोजकीच जगली, पण ती विद्यापीठात झपाट्याने वाढली, १९३१ साली ॲडलर यांनी काही प्राणी इंग्लंडला नेले, आणि आज जगात पाळले जाणारे बहुतेक सर्व सीरियन हॅमस्टर त्या एकाच बिळातील पिल्लांचे वंशज आहेत.

अवसरी खुर्दपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत या प्राण्याला महाराष्ट्राच्या इतिहासात जागा मिळाली, ती कोविडच्या साथीत. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने कोरोनाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा केला आणि त्यापासून भारत बायोटेकने तयार केलेल्या कोव्हॅक्सिन या लसीची परीक्षा सीरियन हॅमस्टरवर घेतली. या विषाणूची लागण त्याला सहज होते आणि त्याच्या फुप्फुसात माणसासारखी विकृती दिसते, म्हणून त्याची निवड झाली होती. लस टोचलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसांतून विषाणू लवकर नाहीसा झाला, हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांच्या भाषेत प्रयोगासाठी वापरलेल्या कोणाही जिवाला, माणसालासुद्धा, ‘गिनीपिग’ म्हणण्याची रूढी असल्याने, ज्या साथीत हॅमस्टरने काम केले तेथेही श्रेय दुसऱ्याच प्राण्याच्या नावे जाण्याचा संभव राहतो.

प्रयोगशाळेत जो फरक निवडीचा निकष ठरला, तोच घरात जगण्यामरण्याचा प्रश्न बनतो. गिनीपिगचे शरीर माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. १९०७ साली ओस्लोतील होल्स्ट आणि फ्रलिक या संशोधकांना केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांमध्ये स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या व सांध्यांतून रक्तस्राव करणारा रोग, आढळला तो याच कारणाने. हॅमस्टरच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होते, म्हणून दाणे व बिया हा त्याच्या आहाराचा मुख्य भाग असू शकतो. गिनीपिगला मात्र वाळलेले गवत आणि ताजी भाजी रोज लागते. गिनीपिग कळपाने राहतो आणि एकटा ठेवला तर खंगतो. याउलट प्रौढ सीरियन हॅमस्टर स्वजातीयाला सहन करत नाही आणि दोन प्राणी एकत्र ठेवले तर एकाचा जीव जाऊ शकतो. हॅमस्टर रात्री जागतो, दिवसा झोपतो, आणि गालांतील पिशव्यांत अन्न साठवतो. शेपूट नसलेला, जवळजवळ किलोभर वजनाचा गिनीपिग अशा पिशव्यांशिवायच असतो. हॅमस्टरची मादी अवघ्या १६ दिवसांत आंधळी, केसहीन पिल्ले देते, तर गिनीपिगचे पिल्लू दोन महिन्यांहून अधिक काळ गर्भात राहून डोळे उघडे ठेवून आणि अंगभर केस घेऊनच जन्मते.

केंद्र सरकारने २०१८ साली लागू केलेल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांत ‘गिनीपिग’ आणि ‘हॅमस्टर’ ही दोन नावे स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत. प्राणी विकत घेणाऱ्याने पावतीवर त्यांपैकी नेमके कोणते ते लिहून घ्यावे, आणि त्याच दिवशी त्या जातीचा आहार विचारून घ्यावा.