रझा साहेबांचा पॅरिसमधला अभ्यास

परदेशी शिकून आलेल्या मुलाला आपण विचारतो, काय काय पाहिलंस? कसं पाहिलंस, हे सहसा कुणी विचारत नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या बाबतीत मला हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा वाटतो.

रझा साहेबांचा जन्म १९२२ सालचा, मध्य प्रांतातला. वडील जंगल खात्यात. चित्रकलेची तालीम आधी नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाली. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप उभा केला. फाळणीत त्यांची भावंडे पाकिस्तानात गेली. ते इथेच राहिले.

१९४८ साली ते काश्मीरला गेले. तिथे फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. तुमच्या हाताला गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तारीफ ऐकून खूश होण्याच्या वयात रझांनी यातली उणीव तेवढी मनावर घेतली.

पण मुंबईत बसून सेझान पाहायचा कसा? नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर तरुण चित्रकारांना युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती दाखवत. छापील प्रतीत चित्र लहान होते, रंग बदलतात, कुंचल्याचे थर दिसत नाहीत. रझांनी फ्रेंच भाषा शिकायला घेतली, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये फ्रान्सला पोहोचले.

त्यांची कलाशाळा, एकोल दे बोझार, सीन नदीच्या काठावर आहे. पलीकडच्या काठावर लूव्र. राजांचा हा महाल क्रांतीनंतर १७९३ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला. लूव्रपुढच्या बागेच्या दुसऱ्या टोकाला ज्यू द पोम. १९४७ पासून सेझान, मोने, व्हॅन गॉग यांची चित्रे तिथे होती. १९८६ मध्ये ती ऑर्से संग्रहालयात गेली. म्हणजे वर्ग आणि अस्सल चित्रे यांच्यात पायी चालण्याइतकेच अंतर.

सेझानचे ‘पत्ते खेळणारे’ हे चित्र तिथलेच. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे आणि मध्ये एक बाटली. विषय एवढाच. पण बाटलीची उभी रेघ चित्र जवळपास दुभागते आणि दोन्ही माणसांचे वजन तिच्याभोवती तोलले जाते. बांधणी म्हणतात ती ही. रझांचे १९५१ चे ‘ओ द कान्य’ पाहिले तर हा धडा कुठे उतरला ते कळते. काश्मीरच्या चित्रांतले वाहते रंग मागे पडले आहेत. घरे ठोकळ्यांसारखी एकमेकांना धरून उभी आहेत.

१९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. तरीही पुढे त्यांना प्रश्न पडला, या चित्रात माझे काय आहे? त्याचे उत्तर लूव्रमध्ये नव्हते. लहानपणी चंचल रझाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून गावातल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याला त्याकडे बघत बसवले होते. तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांत आला आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत राहिला. पॅरिसच्या संग्रहालयांनी त्यांना बांधायचे कसे ते दिले. काय बांधायचे, ते गावच्या शाळेत मिळाले होते.

मी शिक्षक आहे, म्हणून हे लिहिले. आपल्या शाळांची सहल संग्रहालयात जाते तेव्हा शिट्टी, रांग आणि अर्ध्या तासात सगळी दालने, असा प्रकार असतो. चित्रकलेचा तास तर गणिताला सहज देऊन टाकला जातो. चित्रांशी आपला काय संबंध, असे म्हणणारे पालकही भेटतात. त्यांना मी सांगतो, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात अकबराच्या काळातल्या ‘अन्वार-ए-सुहैली’ची चित्रमय पाने आहेत. त्यातल्या प्राण्यांच्या गोष्टी मूळच्या पंचतंत्रातल्या. अरबीतून फारसीत आलेल्या. उर्दू शिकणाऱ्या मुलाला त्यावरची अक्षरे ओळखीची वाटतील.

पुढच्या सहलीला सगळी दालने राहू द्या. मुलांना एका चित्रापुढे पंधरा मिनिटे बसवा आणि निघण्याआधी प्रत्येकाला त्या चित्राविषयी एक प्रश्न लिहायला सांगा.